सर्पदंशावर थिसिस: जुने केस पेपर काढावेत की नवे रुग्ण घ्यावेत?

सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की जेआर-वनचे (एमडीच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांचे) फोन सुरू होतात. "सर, रेट्रो करू की प्रॉस्पेक्टिव्ह?" रेट्रो म्हणजे जुन्या नोंदींवरून अभ्यास, प्रॉस्पेक्टिव्ह म्हणजे इथून पुढे येणारे नवे रुग्ण घेऊन. मी सर्पदंशापुरतंच बोलतो. हा निर्णय मी याच विषयासाठी घेतला होता, आणि पाऊस लागला की मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी कॅज्युअल्टीत या रुग्णांची वानवा नसते.

सोयीच्या बाबतीत जुने रेकॉर्ड सरळ पुढे आहेत. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी एथिक्स कमिटी संमतीपत्रात सूट देऊ शकते; आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी तरतूद आहे. प्रॉस्पेक्टिव्हमध्ये मण्यार चावून व्हेंटिलेटरवर गेलेल्या माणसाची संमती त्याच्या घाबरलेल्या भावाकडून रात्री दोन वाजता घ्यावी लागते. सँपल साइजचंही, म्हणजे किती रुग्ण लागतील याचंही, तेच. आधीच्या एखाद्या अभ्यासात किडनीवर परिणाम झालेले रुग्ण समजा २० टक्के सापडले आणि तुम्ही ५ टक्क्यांची अचूकता धरली, तर आपल्या लाडक्या ४पीक्यू भागिले एल-वर्ग सूत्राने (पी म्हणजे ते २० टक्के, क्यू म्हणजे उरलेले ८०, एल म्हणजे अचूकतेचे ५) २५६ रुग्ण लागतात. एमआरडीच्या, म्हणजे रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाच्या, रजिस्टरमध्ये तेवढी नावं आरामात निघतात. नवे २५६ मिळवायचे तर बहुधा दोन पावसाळे हवेत.

मग मी जुन्या कागदांच्या वाटेला का गेलो नाही? एका रकान्यामुळे.

रिव्ह्यू ऑफ लिटरेचर लिहायला बसलात की पबमेडवर घोणस आणि किडनी यांवरचा जवळपास प्रत्येक पेपर एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतो: दंश झाल्यापासून एएसव्ही (सापाच्या विषावरची लस) सुरू होईपर्यंत किती वेळ गेला. म्हणजे हे व्हेरिएबल तुमच्या प्रपोजलमध्ये हवंच. आता केस पेपर उघडा. "सर्पदंश, उजवा पाय, शेतात, काल रात्री." भरतीची वेळ शिक्क्यासह आहे, दंशाची नाही. पीएचसीने (गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राने) एएसव्ही सुरू करून पाठवलेलं असेल तर ते लिहिलेली चिठ्ठी टाचणीला होती. आता नुसती टाचणी आहे.

नोंद नुसती गहाळ असती तर स्टॅटिस्टिशियनने मल्टिपल इम्प्युटेशनने (उरलेल्या माहितीवरून गहाळ आकडे अंदाजाने भरण्याच्या पद्धतीने) काहीतरी मार्ग काढला असता. पण मी जे कागद चाळले त्यांत दगावलेल्या रुग्णांच्या पेपरवर पोलीस कागदपत्रांसाठी का होईना, वेळ लिहिलेली दिसायची. बरा होऊन चालत घरी गेलेल्याच्या पेपरवर रकाना कोरा. म्हणजे माहिती आहे की नाही हेच रुग्ण वाचला की नाही यावर ठरतंय. अशा डेटावर रिग्रेशन चालवलं तर पी-व्हॅल्यू देखणी येईल, पण तिचा अर्थ काय लावायचा? शिवाय प्रत्येक व्हेरिएबलमध्ये किती नोंदी गहाळ आहेत हे स्ट्रोब चेकलिस्ट (असे अभ्यास कसे लिहावेत याची यादी) विचारतेच. तुमच्या कॉलेजचं रेकॉर्ड संगणकावर असेल आणि कॅज्युअल्टीतले लोक शिस्तीचे असतील तर चित्र वेगळं असू शकतं, हे मान्य.

समोर रुग्ण असला की हीच वेळ काढता येते, फक्त विचारायची रीत हवी. "किती वाजता चावला?" याला उत्तर येतं, "अंधार होता, डॉक्टर." त्याऐवजी विचारा, लाईट कितीची होती? आपल्याकडे शेतीच्या विजेला पाळी असते. रात्री मोटार चालू करायला किंवा दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) गेलेल्या माणसाला लाईट कधी आली ते पक्कं आठवतं, आणि त्यानंतर साधारण किती वेळाने सापावर पाय पडला तेही सांगतो. प्रोफॉर्मात (रुग्णाची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) मी यासाठी वेगळी ओळ ठेवली होती. घरात झोपेत चावलेल्यांना ही युक्ती लागू पडत नाही. तिथे "त्याआधी शेवटची जाग कधी आली होती" यावरच भागवावं लागतं.

विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरण्याचं डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. ते मूळचे जालना जिल्ह्यातले. ते काम रेकॉर्ड रूममध्ये नव्हे, महाडमध्ये रुग्णांच्या खाटेशी उभं राहिलं. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा जो अंदाज सगळे प्रस्तावनेत टाकतात, तोही रुग्णालयांच्या रजिस्टरमधून आलेला नाही. घरोघर जाऊन नातेवाइकांना विचारून गोळा केलेल्या माहितीवर तो उभा आहे.

तरी विषय दुर्मीळ असेल, किंवा प्रश्न फक्त "वॉर्डात किती आले, किती दिवस राहिले" एवढाच असेल, तर रेट्रो करा. त्यासाठी प्रॉस्पेक्टिव्हचा आटापिटा नको. पण वेळेशी संबंधित काहीही मोजायचं असेल तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी एमआरडीतून मागच्या जुलैचे मूठभर पेपर मागवून तो एक रकाना बघा. मग गाईडशी काय बोलायचं ते आपोआप सुचेल.

आणि प्रॉस्पेक्टिव्ह ठरलंच, तर एथिक्सची मंजुरी मे अखेरपर्यंत हातात पडेल असं बघा. जून हुकला की हातात एकच पावसाळा उरतो आणि २५६चा आकडा खाली आणायला सूत्रातला एल वाढवावा लागतो. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.