हँड कंट्रोल किट एक नंबर, पण आरसीवर चढवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका

दोन्ही पायांना पोलिओ आहे माझ्या, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) लावून चालते, आधी साइड व्हीलवाली स्कूटर होती. आता ऑटोमॅटिक गाडी घेऊन तिला कुर्ल्याच्या गॅरेजवाल्या गल्लीतल्या एका वर्कशॉपमधून हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक-ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय, बसवून घेतलंय. कसं आहे, किती लागले, पोलीस अडवतात का, हे इतके जण विचारतायत की म्हटलं एकदाच लिहून टाकू.

स्टिअरिंगच्या खाली डावीकडे एक दांडा येतो, पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की ॲक्सिलरेटर. तो ओरिजिनल पेडललाच जोडलेला असतो, त्यामुळे भावाला गाडी हवी असली की तो आपला पायाने चालवतो, काही सोडवावं लागत नाही. डावा हात सारखा दांड्यावर असतो म्हणून एका हाताने वळवायला स्टिअरिंगवर गोल नॉब देतात. आणि हॉर्न! मी काही बोलायच्या आत मालकाने हॉर्नचं बटण दांड्याच्या टोकाला, बरोब्बर अंगठ्याखाली आणून दिलं, रोज हेच काम करणाऱ्यालाच हे सुचणार. फिटिंगसकट 25 हजारांच्या आत झालं. 'उद्या या, उद्या या' करत आठवडा घालवला ते वेगळं. संध्याकाळी एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये मनगट भरून येतं, ते मात्र सवयीने कमी झालं. पण सी लिंक आणि कोस्टल रोडला टू-व्हीलर आणि थ्री-व्हीलर चालतच नाहीत, म्हणजे स्कूटर होती तोवर हे दोन्ही रस्ते मी फक्त टॅक्सीच्या मागच्या सीटवरून बघितले होते, आता स्वतः जाते, सी लिंकला टोल भरून का होईना!

खरे मार्क या वर्कशॉपवाल्याला कागदांसाठी. बरेच जण किट लावतात आणि हात झटकतात. याने आरटीओचं सगळं नीट समजावलं, गाडीतला बदल आरसीवर चढवून घ्यायला लावला, लायसन्सही त्याच प्रकारच्या गाडीचं लागतं हे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात 'ॲडॅप्टेड व्हेइकल' (दिव्यांगांसाठी बदल केलेली गाडी) आहे, तेव्हा हे जुगाड नाही, रीतसर आहे. नॅशनल हायवेच्या टोलची सूट मिळवायला, त्याचा वेगळा फास्टॅग काढायलाही हीच आरसी लागते. (मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांना तसेही फुकट आहेत.)

आता पोलीस. रात्री नाकाबंदी, हवालदार म्हणाला मॅडम खाली उतरा. म्हटलं साहेब, कॅलिपर आहे, गुडघ्याचं लॉक लावून मगच उभं राहता येतं, मशीन खिडकीतून द्या ना, फुंकते. तर म्हणे बघायला तर चांगल्या दिसता. मग टॉर्च मारला, दांडा दिसला, 'हे काय लावलंय, मॉडिफिकेशनचा दंड बसेल', आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. मोबाईलवर आरसी दाखवली, तो बघतच राहिला, मग त्यांचे एक वयस्कर साहेब आले, त्यांनी वाचलं आणि म्हणाले जाऊ द्या ताईंना, एवढंच. मागे लावलेलं व्हीलचेअरचं स्टिकर कुणी बघितलंसुद्धा नाही, तेव्हा नुसत्या स्टिकरवर विसंबू नका.

दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 92 आहे, 6 महिने ते 5 वर्षं कैद. पण रात्री एकटीने रस्त्यात कलम कोण ऐकवणार, आणि खरं सांगायचं तर तो हवालदार काही वाईट माणूस नव्हता, अशी गाडी असते हे त्याला कुणी कधी दाखवलंच नसावं. ते ट्रेनिंगमध्ये दाखवायला हवं, दर नाक्यावर मी का शिकवू? एकदा गाडी बंद पडली तेव्हा एका लेडी कॉन्स्टेबलने काही न विचारता सगळी लेन थांबवून धरली होती, अशाही असतात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण वर्कशॉपच्या दाराशी दोन उंच पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, गिऱ्हाईक सगळं कुबड्या नाहीतर व्हीलचेअरवालं, आणि मालकाला विचारलं तर म्हणतो तुम्ही गाडीतच बसा ना मॅडम, मी बाहेर येतो.