घरगुती बुश प्रेस, आठ महिन्यांनी: सगळं चांगलं, वाशर सोडून

गाडीच्या लोअर आर्ममधले, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यातले रबरी बुश काढा-घालायला मी आट्यांच्या रॉडचा प्रेस घरीच बनवला. गेल्या महिन्यात एका रविवारी बुश अर्धा आत, अर्धा बाहेर आणि रॉडचे आटे गेलेले. पाना पुढेही जाईना, मागेही. शेवटी ग्राइंडरने रॉड कापून लोअर आर्म सोडवला.

हा प्रेस बनवायचं खूळ पावसाळ्यात शिरलं. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याहून रोज द्वारकेपर्यंत जायचं, खड्ड्यांबद्दल बोलत नाही. २०११ ची स्विफ्ट स्पीडब्रेकरवर कट-कट करायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, नुसते बुश बसत नाहीत, दोन्ही आर्म टाका." आणि चार दुकानं सोडून काउंटरवर सुटे बुश लटकलेले! तिथेच डोकं फिरलं.

१६ एमएमचा फूटभर थ्रेडेड रॉड, दोन नट, भंगारातले पाइपचे तुकडे, एक मोठी गोटी (पान्याचा सॉकेट), वाशर. ४१० रुपये. बुश ज्यात उतरणार तो पाइप त्याच्यापेक्षा किंचित मोठा, आणि दाब देणारी गोटी बाहेरच्या कवचावरच टेकलेली हवी. मधल्या नळीवर जोर आला की रबर सुटलंच. नटाच्या एका फेऱ्याला २ मिमी सरकतं, म्हणजे वीसेक फेऱ्यांत काम. नवा बुश जरा आकसावा म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, मटारच्या पिशवीशेजारी. त्यावरून घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

आता वाशर. हार्डवेअरवाल्याने "जाड आहे" म्हणून दिलेल्या वाशरची पहिल्याच बुशला बशी झाली. दोन लावले, दोन बश्या. चार लावले तर एकात एक बसून डब्याच्या झाकणासारखे वाकले. बशी झाली की रॉड तिरका ओढतो, बुश तिरका शिरतो. वाशरपायी मी तीनदा सिडकोतून सातपूरला गेलो, पेट्रोल वेगळं.

त्या रविवारचं खापरही मी वाशरवरच फोडलं होतं. सातपूरच्या लेथवाल्याने कापलेला रॉड बघून हसून सांगितलं, हा साधा माइल्ड स्टीलचा, ग्रीसही नाही, आटे खाणारच. पाइपलाइनच्या फ्लँजला (जोडाच्या चकतीला) लावतात तो बी ७ ग्रेडचा मजबूत स्टड, म्हणजे आट्यांचा रॉड, घ्या. घेतला. वाशर त्यानेच १० मिमी जाडीचे काढून दिले. आणि नटाखाली ५१२०३ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग (दाबाखालीही सहज फिरणारं) टाकायला सांगितलं, त्याचं भोक १७ मिमी, स्टड बरोबर जातो. काय सांगू, जिथे पान्याला पाइप अडकवून लोंबकळायचो तिथे आता एका हाताने फिरतं! खर्च मात्र हजाराच्या वर गेला. तरी एका आर्मपेक्षा कमीच, मी हिशेब ठेवलाय.

एक चूक स्वतःची. पहिल्या वेळी गाडी जॅकवर असतानाच बुशचा बोल्ट आवळला. चाक लोंबकळताना आवळला की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. चार महिन्यांत चिरलं. आता बोल्ट नुसता धरून ठेवतो, चाकं टेकल्यावरच आवळतो. आणि शॉकअपची स्प्रिंग दाबायला असलं जुगाड मी करणार नाही, सुटली तर तोंडच फोडेल. ते काम पैसे देऊन.

प्रेस सध्या बहुतेक वेळ शेजारच्या काकांकडेच असतो. परवा परत आला, पुसून, ग्रीस लावून. एक वाशर कमी.