वासोटा जंगल ट्रेक: चढाईपेक्षा घड्याळ जड

वासोटा किल्ला अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, पण इथे फजिती होते ती वेळेमुळे. साताऱ्याहून कास पठारामार्गे बामणोली, तिथून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँचने सुमारे दीड तास, मग पायथ्याच्या मेट इंदवलीला वनखात्याची नोंदणी. आठला लाँच सुटली तरी चालायला दहा वाजतात. गडावर मुक्कामाला बंदी, आणि अंधाराआधी लाँच परतायला हवी.

लाँच अख्खी ठरवावी लागते, माणशी तिकीट नाही. त्यामुळे दहा-बारा जणांना परवडते, दोघा-तिघांच्या खिशाला चांगलीच कात्री. दुसऱ्या गटात सामील होता येतं, पण मग त्यांच्या चालीनेच परतायचं. थांबण्याचे किती तास भाड्यात धरलेत, ते पाय ठेवण्याआधी विचारून घ्या. नंतरची घासाघीस कुणालाच शोभत नाही. लाइफ जॅकेट अंगातच हवं, बाकावर नव्हे.

नोंदणीला ओळखपत्र लागतं. सोबतचं प्लॅस्टिक मोजून अनामत घेतात, परतताना पुन्हा मोजतात. पद्धत उत्तम, पण प्रत्येक बिस्किटाचा पुडा सॅकमधून उपसायचा म्हणजे रांग हलत नाही. खाऊ घरीच स्टीलच्या डब्यात आणि कापडी पिशवीत भरा, पाण्यासाठी धातूच्या बाटल्या घ्या. मोजण्यासारखं काही उरतच नाही.

वाट ओढा ओलांडून गर्द झाडीत शिरते. सुरुवात सौम्य, मग खडा चढ. पानं इतकी दाट की वारा लागत नाही, घामाच्या धारा लागतात. माणशी तीन लिटर पाणी पायथ्यापासूनच घ्या. नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा गेल्यावर झाडी विरळ होते, ऊन थेट डोक्यावर येतं आणि शेवटी कातळातल्या पायऱ्या. एकूण अडीच तास धरा.

वर बिनछपराचं मारुती मंदिर, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ, बांधकामाचा चुना मळायचा घाणा. पण वेळ राखून ठेवायचा तो बाबू कड्यासाठी. इंग्रजी यू अक्षरासारखा आत वळलेला कडा, समोर जुना वासोटा नावाचा डोंगर, खाली कोकण. कड्याच्या काठावर गवत घसरडं असतं, फोटोसाठी पुढे सरकू नका.

दोनला गड सोडाच. उतरताना खरी परीक्षा: वाळक्या पानांखाली सुटे दगड लपलेले असतात, गुळगुळीत तळव्याचा बूट हमखास दगा देतो. पाऊल आडवं टाका, काठी पुढे रोवा. त्याच दिवशी नागेश्वरची गुहाही उरकण्याचा बेत मात्र सोडून द्या. ज्यांना तीच बघायची आहे त्यांनी कोकणातल्या खेड तालुक्यातल्या चोरवणे गावातून चढावं.

पावसाळ्यात हे जंगल बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये जलाशय आटत जातो, लाँच लांबवर थांबते आणि काठापर्यंतची उघडी जमीन ऐन उन्हात तुडवावी लागते.