२००८ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल: दहा महिने आणि कन्याकुमारीची एक फेरी

मार्च २०२५ मध्ये एक लाख अठरा हजारांना घेतलेली २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय परवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे सोडून आलो. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग घूं घूं करतंय, तेवढंच काम आहे. दहा महिन्यांत गाडी ९,४०० किलोमीटर चालली. त्यातले २,९०० डिसेंबरातल्या एकाच फेरीचे: कोल्हापूर, बेंगळुरू, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी आणि येताना समुद्रकाठाने घरी. एवढ्या वापरानंतर या गाडीबद्दल ठामपणे बोलता येईल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी घ्यायचं कारण आमचे आबा. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. लोकांना पंढरपूर, पणजी, मुंबई सगळं दाखवलं, पण स्वतःच्या घरच्या माणसांना घेऊन स्वतःच्या हाताने लांब कधी गेले नाहीत. कन्याकुमारीला रस्त्याने जायचं, हे त्यांच्या मनात फार दिवस होतं. माझ्याकडे दुरुस्तीसकट पावणेदोन लाख होते. तेवढ्यात बसणारी, वाटेत कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी आणि चालवताना मजा येणारी गाडी हवी होती. मजेची अट मी मुद्दाम धरून ठेवली होती. अकरा दिवस रोज सहा-सात तास जिच्यात बसायचं, ती चालवताना जीव रमला पाहिजे.

जुनी डिझेल गाडी आधीच बाद केली. ॲव्हरेज जास्त मिळतं हे खरं, पण टर्बो किंवा इंजेक्टरचं काम निघालं तर एका झटक्यात गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा जातो. फोर्डची फिगो मनात होती, तिचं स्टिअरिंग मला आजही फार आवडतं. पण कंपनीने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, आणि रामेश्वरमच्या रस्त्यावर पार्ट शोधत बसायची माझी तयारी नव्हती. जिप्सी बजेटच्या बाहेर. निपाणीकडच्या केए-२३ पासिंगच्या गाड्या आपल्याकडच्यापेक्षा वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त दिसतात. बरेच जण त्याला भुलतात. तिकडची एनओसी, इकडे नव्याने नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या एवढं धरलं की तो फरक उरत नाही. एमएच-०९ ची गाडी असली की फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलून मिळतं.

कोल्हापुरात जुनी गाडी बघताना पुराचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली होती. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क भागात पार्किंगमधल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून आजही बाजारात फिरतायत.

हायवेकडेच्या एका गाडीबाजारात २०१२ ची चंदेरी सेडान बघितली. एक लाख चाळीस हजार, रंग चकाचक, एसी बर्फासारखा गार, आतमध्ये अत्तराचा वास. मला पसंत पडली होती. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटचा वीतभर पट्टा, जो एरवी कधी बाहेर येतच नाही, तो मातकट होता आणि त्यावर आडवी तपकिरी रेघ होती. मग डिकीतली स्टेपनी काढली. खालच्या खोलगट पत्र्यात बोट फिरवून दाखवलं, बोटाला पिठासारखा बारीक गाळ. विकणारा म्हणाला, "पार्किंगला पाणी आलेलं, इंजिनपर्यंत गेलं न्हाई." मिस्त्री म्हणाले, "इंजिन खोलून धुता येतंय हो. वायरिंगचं काय करायचं?" बाहेर आल्यावर मला समजावून सांगितलं. कनेक्टरमध्ये एकदा पाणी शिरलं की आत हिरवा गंज धरतो. मग आज काच खाली होत नाही, उद्या दिवा लागत नाही, परवा गाडी भर रस्त्यात बंद पडते, आणि दोष एका जागी सापडत नाही. तुम्ही गाडी बघायला गेलात तर पाचही सीटबेल्ट ओढून बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

आता आमची गाडी. रुईकर कॉलनीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांची, पहिल्यापासून एकाच हातात. मीटरवर ७४,०००. आकड्यावर मी विसंबलो नाही. क्लच-ब्रेकच्या पायड्यांचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिसच्या जुन्या पावत्या बघितल्या, तिन्ही जुळत होतं. काचांवरचं साल सगळीकडे एकच. दारांच्या रबराखाली कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके जागेवर, म्हणजे मोठ्या अपघातानंतर जोडलेली गाडी नव्हती. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर फिटनेस आणि पर्यावरण कर भरून आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवलेली. हे फार महत्त्वाचं. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची गाडी स्वस्त मिळते, पण तो सगळा खर्च आणि धावपळ आपल्या गळ्यात पडते. ई-चलन थकलेलं नव्हतं, कर्जाचा बोजा नव्हता.

आम्ही संध्याकाळी जायचं ठरवलं होतं. आबांनी अडवलं. म्हणाले, "सकाळी सहाला येतो म्हणून सांग. आणि आमी यायच्या आधी चालू करू नका म्हणावं. गार इंजिन बघायचं असतंय." सकाळी गेलो तर आबांनी आधी बॉनेटवर तळवा ठेवून बघितला. मग मला चावी मारायला लावली आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे उभे राहिले. पहिल्या दोन-चार सेकंदांत टॅपेटचा थोडा आवाज आला आणि विरला. निळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नव्हतं. पाच मिनिटं नुसतं ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "घे." मोटार-मेकॅनिकची पदवी असलेल्या माणसापेक्षा मला त्या कानाचा आधार जास्त वाटला.

या इंजिनाबद्दल थोडं सांगतो, कारण गाडीतली मजा तिथेच आहे. २००५ ला स्विफ्ट आली तेव्हा तिच्यात १,२९८ सीसीचं जी१३ मालिकेतलं १६ व्हॉल्व्हचं इंजिन होतं, ८७ बीएचपीचं. एस्टीम आणि नंतरच्या जिप्सीतही हेच घराणं. २०१० मध्ये ते जाऊन १.२ के-सीरीज आलं. नवं इंजिन ॲव्हरेजला चांगलं, हे मान्य. पण जुन्याची तऱ्हा वेगळी. पूर्ण टॉर्क (ओढायची ताकद) ११३ न्यूटन-मीटर, तोही ४,५०० आरपीएमला. म्हणजे अडीच हजारांच्या खाली गाडी निवांत असते, साडेतीन हजारांच्या पुढे जागी होते आणि तिथून सहा हजारांपर्यंत एका दमात ओढते. गाडीचं वजन साधारण एक टन. त्यामुळे वळणात शिरताना ती अंगाबरोबर वळते, मागून ओढल्यासारखी वाटत नाही. तिसरा गिअर, चढ आणि पुढे मोकळा घाट असला की मला दुसरं काही नको असतं.

आबांना हे पटायला वेळ लागला. एसटीची सवय, आवाज वाढायच्या आत गिअर टाकायचा. गगनबावड्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा भुईबावडा घाट चढताना ते तिसऱ्यातून लगेच चौथा टाकत होते आणि गाडी मान टाकत होती. मी म्हटलं, "आबा, तुम्ही थोडं धरून ठेवा, तिसऱ्यातच राहू दे." दोन वळणं तसं केलं. मग हसून म्हणाले, "वरडली की पळती व्हय ही!" त्यानंतर घाट आला की चावी त्यांच्याकडे.

खरेदीच्या किमतीवर खूश होऊन लगेच लांब निघू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. निघण्याआधी मी या गाडीवर ४९,००० रुपये घातले. चार टायर १८,४००. जुन्या टायरांना नक्षी भरपूर होती, पण बाजूवरचे, बनवल्याचा आठवडा आणि साल सांगणारे चार आकडे वाचले तर ते २०१६ चे निघाले आणि रबर दगडासारखं झालेलं. पुढचे शॉकॲबसॉर्बर, लोअर आर्म, लिंक रॉड मिळून ११,०००. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप ६,५००. बेल्टचं शेवटचं काम कधी झालं याची पावती नसेल तर तो झालेलाच नाही असं धरा. बॅटरी ४,६००. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड आणि किरकोळ ५,३००. पेट्रोलचे आणि कूलंटचे रबरी पाइप ३,२००.

पेट्रोलचे पाइप बदलण्यामागे कारण आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २००८ ची गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. जुन्या रबराला आणि सीलना इथेनॉल सोसत नाही. आपला जिल्हा उसाचा, इथल्या कारखान्यांतूनच इथेनॉल जातं, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. फक्त जुन्या गाडीवाल्याने पाइप बघून घ्यावेत. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा कमी असते, म्हणून ॲव्हरेजही थोडं उतरतं. मला फेरीत १४.६ मिळालं, एसी बहुतेक वेळ चालू ठेवून. गावात ११ ते १२. दोनशे लिटरच्या आसपास पेट्रोल, वीस-एकवीस हजार रुपये. टोलसाठी राष्ट्रीय महामार्गांचा ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास काढला होता, ऑगस्ट २०२५ पासून मिळतो तो. एवढ्या लांब फेरीत तो जवळजवळ वसूल झाला.

फेरीतला सगळ्यात सोपा टप्पा पहिला. पहाटे पाचला निघालो. कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामामुळे जपून, मग तवंदी घाट ओलांडून बेळगाव, हुबळी, दावणगिरी. चित्रदुर्गला मुक्काम. ऐंशी-नव्वदच्या वेगाला गाडी तासन् तास स्थिर राहते. शंभरच्या पुढे मात्र वाऱ्याचा आणि टायरचा आवाज एवढा वाढतो की मागे बसलेल्या आईला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मागची सीट दोघांनाच. डिकी लहान, एक मोठी बॅग आणि दोन पिशव्यांत भरली. आईच्या गुडघ्यांसाठी दर दीड तासाला थांबावं लागलं. सीट नरम आहेत, पण मांडीखाली आधार कमी पडतो.

कन्याकुमारीला सूर्योदयाआधी पोचलो. आबा समुद्राकडे गेले नाहीत लगेच. आधी गाडीभोवती फिरून चारही टायर हाताने चाचपले, डेपोत करायचे तसे.

येताना कुमठ्याच्या अलीकडे तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकला. एसी बंद केला, बाजूला घेतली. कूलंटच्या वरच्या पाइपच्या टोकाशी हिरवट थेंब गळत होते. पाइप नवे घातले होते, पण क्लॅम्प जुनेच ठेवायचे असं मीच सांगितलं होतं, दीड-दोनशे रुपये वाचवायला. त्यातला एक सैल झालेला. इंजिन गार व्हायला पाऊण तास थांबलो, झाकण उघडायची घाई केली नाही. मग हळूहळू गावात नेली. तिथल्या मेकॅनिकशी मोडक्या कोकणीत बोलणं झालं. त्याने समोरच्या दुकानातून दोन क्लॅम्प आणले, पाणी-कूलंट भरलं, हवा काढली, पंखा चालू होईपर्यंत थांबला आणि ३५० रुपये घेतले. सर्वांना ठाऊक असलेली गाडी घ्या, हे मी का म्हणतो ते त्या दुपारी आईलाही कळलं.

एका बाबतीत मी आग्रह धरणार नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत आणि एबीएसही नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की चाकं लॉक होतात, त्यामुळे पुढच्या गाडीशी अंतर दुप्पट ठेवावं लागतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर आम्ही एकदाही हायवेवर राहिलो नाही. हेडलाइटच्या काचा पॉलिश करूनही उजेड आजच्या गाड्यांच्या मानाने कमीच. घरात लहान मुलं असतील आणि दर आठवड्याला पुणे-मुंबई करायची असेल तर ही गाडी घेऊ नका. थोडे पैसे साठवून एअरबॅग असलेली बघा. वर्षातून एक-दोन लांब फेऱ्या, बाकी रविवारी पन्हाळा-राधानगरी, आणि गाडीच्या कामात स्वतः उभं राहायची हौस, असं असेल तर घ्या.

आंबोली चढून आजऱ्याच्या रस्त्याने घरी आलो तेव्हा शेवटचे शंभर किलोमीटर आबांनीच चालवले. बेअरिंगचा आवाज त्यांनीच पहिल्यांदा ओळखला, उत्तूरच्या पुढे. काच खाली करून, मला रेडिओ बंद करायला लावून. "डावं, मागलं," म्हणाले. मला काही ऐकू आलं नव्हतं. परवा मिस्त्रींनी चाक उचलून फिरवलं तर डावं मागचंच निघालं. बेअरिंग १,१०० ला मिळालं, गाडी उद्या संध्याकाळी मिळेल.