शहर बदललं की कारचा विमा किती वाढतो? ऑनलाइन कॅल्क्युलेटरची पारख

नागपूरहून पुण्याला किंवा पणजीहून मुंबईला बदली झाली की घरभाडं, शाळेची फी यांच्याबरोबर कारच्या विम्याचाही अंदाज काढावा लागतो. बहुतेक जण तुलना करून देणाऱ्या साइटवर गाडीचा नंबर टाकतात आणि येईल तो आकडा धरून चालतात. गाडी आहे तिथेच राहणार असेल तर तो आकडा सहसा बरोबर निघतो. गाव बदलणार असेल तर मात्र तुम्ही आत काय भरता त्यावर सगळं अवलंबून आहे.

आधी झोनचं बघू, कारण भीती त्याचीच जास्त असते. मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या मूळ दरांच्या तक्त्यात, खासगी कारसाठी दोन झोन आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरं झोन ए आणि उरलेला देश झोन बी. झोन ठरतो तो गाडीची नोंदणी ज्या आरटीओत झाली आहे त्यावरून, तुमच्या राहत्या घरावरून नाही. एमएच ३१ ची गाडी नागपूरहून पुण्यात आणली तर आरसीवर पत्ता बदलून घ्यायचा (कायद्यात त्याला ३० दिवसांची मुदत आहे), नंबर तोच राहतो. गोव्याच्या गाडीचं तसं नाही. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. जीए जाऊन एमएच १२ आला की झोनही बी चा ए होतो.

आता रुपयांत. तीन वर्षं पूर्ण झालेली, १२०० सीसीची, ६ लाख आयडीव्हीची (विम्यासाठी धरलेली गाडीची आजची किंमत) कार घ्या. टॅरिफप्रमाणे ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) दर झोन बी मध्ये ३.१९१ टक्के, म्हणजे १९,१४६ रुपये. झोन ए मध्ये ३.२८३ टक्के, म्हणजे १९,६९८. यावर कंपनीने समजा ६० टक्के सूट दिली आणि ३५ टक्के एनसीबी (क्लेम न केलेल्या वर्षांगणिक वाढणारी ‘नो क्लेम बोनस’ सूट) लागला, तर उरतात अनुक्रमे ४,९७८ आणि ५,१२१ रुपये. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा) दर शहरागणिक बदलत नाही, या गटाला तो जून २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे ३,४१६ रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून झोनचा एकूण फरक पडतो साधारण १७० रुपये. ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं वाढीव संरक्षण) आणि मालकाचा अपघात विमा यात धरलेला नाही.

आता त्याच गाडीचा एनसीबी गेला असं समजा. झोन ए मध्ये ओन डॅमेज थेट ७,८७९ वर जातो आणि जीएसटीसह सव्वातीन हजारांचा फटका बसतो. सामान हलवण्याच्या गडबडीत नेमकं हेच घडतं. नूतनीकरणाची आठवण जुन्या पत्त्यावर जाते, जुन्या आरटीओच्या एनओसीच्या (ना-हरकत दाखल्याच्या) कामात गाडी पडून राहते, पॉलिसी संपते. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर जमलेला सगळा एनसीबी शून्य होतो. त्याआधी केलं तरी खंड पडल्यामुळे गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि मधल्या काळात गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा ठरतं ते वेगळंच.

मग शहराचा खरा फरक कुठे पडतो? कंपनीच्या सुटीत. २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्यांवर सोडलेले आहेत. कोणत्या मॉडेलला, कोणत्या आरटीओत किती सूट द्यायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून अंदाज काढायचा तर एकाच साइटवर, त्याच आयडीव्हीला, त्याच ॲड-ऑनसह दोनदा कोट काढा: एकदा जुना आरटीओ टाकून, एकदा नवा. आयडीव्ही कमी दाखवून स्वस्त वाटणारा कोट पहिल्या नजरेतच बाजूला ठेवा.

कॅल्क्युलेटर फसतात ते नवा नंबर मिळाल्यावर. नव्या नंबरावर साइटला जुनी पॉलिसी सापडली नाही तर एनसीबी शून्य धरून कोट येतो. अशा वेळी माहिती हाताने भरा. ‘नोंदणीची तारीख’ म्हणजे गाडीची पहिली नोंदणी, नव्या आरटीओतली नाही. ती चुकली की गाडी नवी समजून आयडीव्ही भलताच वर जातो. एनसीबीच्या रकान्यात काय विचारलंय ते नीट वाचा. बहुतेक ठिकाणी मागच्या पॉलिसीवरचा टक्का विचारतात आणि पुढची पायरी साइट स्वतः लावते. तिथे आधीच वाढवलेला टक्का टाकला तर एक पायरी जास्त लागते, आणि कंपनीने जुन्या कंपनीकडे पडताळणी केली की नेमका क्लेमच्या वेळी वाद उभा राहतो.

या कामाला आम्ही तुलना साइटला पहिल्या चाचपणीपुरते चांगले गुण देऊ. शेवटचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा एजंटकडून लेखी घ्यावा. शोरूमचा कोट सोयीचा, पण त्यात न मागितलेले ॲड-ऑन किती घातलेत ते एकेक करून वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

ॲड-ऑनमध्ये शहराचा विचार जरूर करा. मुंबईत येणाऱ्याला आमचा आग्रह इंजिन प्रोटेक्टचा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून सुरू करायला गेलं की हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी पॉलिसी हे नुकसान बहुधा नाकारते. हा ॲड-ऑन मध्येच सहसा मिळत नाही, तेव्हा नूतनीकरण पावसाळ्यानंतर येत असेल तर बदलीआधीच कंपनीशी बोलून ठेवा. नव्या पिनकोडवर तुमच्या मेकची कॅशलेस गॅरेजं किती आहेत तेही बघा.

गाडी ट्रेलरवरून पाठवणार असाल तर मूव्हर्सवाले ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे वेगळे पैसे मागतात. सर्वसमावेशक पॉलिसीत रस्ता, रेल्वे किंवा जलमार्गाने नेतानाचं नुकसान मुळातच धरलेलं असतं. मात्र तिथून क्लेम घेतला तर एनसीबी जातो, म्हणून वेगळा विमा किरकोळ ओरखड्यांसाठी उपयोगाचा आहे. पैसे द्यायचेच तर विमा कंपनीच्या नावाचं प्रमाणपत्र हातात घ्या. मूव्हर्सच्या बिलावरची एक ओळ म्हणजे पॉलिसी नव्हे.

नवी आरसी हाती आली की लगेच एंडोर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत बदलाची नोंद, करून घ्या. नवी आरसी, पत्त्याचा पुरावा, पॉलिसीची प्रत आणि अर्ज एवढं लागतं. झोन बदलला असेल तर उरलेल्या मुदतीचा फरक तेव्हाच भरायचा. एंडोर्समेंट आल्यावर नवा नंबर, चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षरागणिक जुळवून पाहा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं नावही त्याच अर्जात काढायला सांगा.