मार्क फोर, एल्डोराडो की रिव्हिएरा? सत्तरच्या दशकातल्या मोठ्या अमेरिकी कूपेंमधून निवड करताना

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी माणसाला हौसेची एक जुनी गाडी घ्यावीशी वाटली, की त्याची नजर बहुधा साठच्या दशकातल्या मस्टँगकडे किंवा कॉर्व्हेटकडे जाते. त्या गाड्यांविषयी मला आदर आहे. परंतु अमेरिकी मोटार उद्योगाने जगात इतर कोणीही केले नाही असे जे काही घडवले, ते मला सत्तरच्या दशकातल्या दोन दारांच्या आलिशान कूपेंमध्ये अधिक स्पष्ट दिसते. साडेसात-आठ लिटरचे व्ही-आठ इंजिन, जवळजवळ पावणेसहा मीटर लांबी आणि हे सारे मुख्यतः पुढे बसणाऱ्या दोघांसाठी, असा हिशेब युरोपात किंवा जपानात कोणी मांडलाच नसता. फोर्डने १९५८ मध्ये थंडरबर्ड चार आसनी करून या प्रकाराचा पाया घातला आणि सत्तरच्या दशकात तो शिखरावर पोहोचला.

निवड करू पाहणाऱ्यासमोर माझ्या मते तीन नावे ठेवावीत: लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क फोर (१९७२ ते १९७६), कॅडिलॅक एल्डोराडो (१९७१ ते १९७८) आणि मागे होडीसारखी निमुळती होत जाणारी ब्यूक रिव्हिएरा (१९७१ ते १९७३). ओल्ड्समोबिल टोरोनाडो ही एल्डोराडोची यांत्रिक बहीण आहे आणि त्या वर्षांची थंडरबर्ड मार्क फोरच्याच चासीवर उभी आहे, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते बऱ्याच अंशी त्यांनाही लागू पडते. शेव्हरोले मॉन्टे कार्लो आणि पॉन्टिॲक ग्रां प्री या आकाराने एक पायरी खालच्या आहेत, म्हणून त्यांना येथे बाजूला ठेवले आहे.

तुलनेआधी अश्वशक्तीच्या आकड्यांचा घोळ सोडवायला हवा, कारण जाहिरातींतले आकडे वाचून अनेक ग्राहक चुकीच्या वर्षाची गाडी निवडतात. १९७० च्या एल्डोराडोत ५०० घनइंचांचे, म्हणजे ८.२ लिटरचे इंजिन आले आणि कंपनीने त्याची शक्ती ४०० अश्वशक्ती असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी कॅडिलॅक आणि ब्यूकची मालक कंपनी जनरल मोटर्सने शिसेविरहित, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून आपल्या इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दाबण्याचे प्रमाण, घटवले आणि आकडा ३६५ वर आला. १९७२ मध्ये तो एकदम २३५ झाला. ही शेवटची घसरण मात्र मुख्यतः कागदावरची होती. त्याआधी पंखा, अल्टरनेटर, एअर फिल्टर आणि सायलेन्सर न जोडता, नुसते इंजिन चाचणी-बाकावर फिरवून शक्ती मोजली जात असे. १९७२ पासून ती गाडीत बसवलेल्या स्थितीत मोजली जाऊ लागली. त्यामुळे १९७१ आणि १९७२ च्या गाड्यांत चालवताना फारसा फरक जाणवत नाही. खरी घसरण त्यानंतर, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसतशी झाली आणि १९७५ च्या एल्डोराडोत तेच ८.२ लिटरचे इंजिन १९० अश्वशक्तीवर येऊन ठेपले.

तरीही या गाड्यांचे आकर्षण अश्वशक्तीत नाही, ते टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात आहे. १९७२ ची एल्डोराडो सुमारे ५२० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि तोही इंजिन मिनिटाला अवघ्या २,४०० फेऱ्या मारत असताना. पाय जरासा टेकवला की सव्वादोन टनांची गाडी कोणताही आवाज न चढवता पुढे सरकू लागते, तीन वेगांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपले काम कळू न देता करतो आणि महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरला इंजिन जणू विश्रांती घेत असते. सहजतेचा हा अनुभव आजच्या उत्तम विजेच्या गाड्यांतही मिळतो हे मान्य आहे; पण लांब बॉनेटच्या टोकावरच्या चिन्हाकडे पाहत, मऊ सस्पेन्शनवर हलकेच डोलत जाण्यात जो निवांतपणा आहे, तो त्यांत मला सापडलेला नाही.

आता मार्क फोर. तिच्या आधीच्या मार्क थ्रीची कल्पना लिंकनची मालक कंपनी फोर्डचे वरिष्ठ अधिकारी ली आयाकोका यांची. थंडरबर्डच्या पुढे रोल्स-रॉइससारखी जाळी बसवा, असे त्यांनी डिझायनरांना सुचवले होते, ही हकिकत प्रसिद्धच आहे. मार्क फोरने तीच दिशा पुढे नेली: उभी झळाळती जाळी, झाकणांमागे लपलेले हेडलाइट, डिकीवर सुट्या चाकाच्या आकाराचा उठाव, मागच्या खांबात लंबगोल खिडकी आणि डॅशबोर्डवर कार्तिएचे घड्याळ. आत बसल्यावर बाहेरचे जग दूर राहते, आणि शांततेच्या बाबतीत मी या तिघींत तिला पहिला क्रमांक देतो. इंजिन ४६० घनइंचांचे, म्हणजे साडेसात लिटरचे आहे. शक्ती १९७२ मध्ये दोनशे दहाच्या आसपास होती. १९७६ मध्ये कार्तिए, बिल ब्लास, जिव्हान्शी आणि पुची या दागिन्यांच्या व फॅशनच्या जगातल्या नावांच्या खास रंगसंगतीच्या आवृत्त्या निघाल्या. संग्राहक त्यांच्या मागे असतात, पण वर्ष निवडायचे झाले तर मी १९७२ च निवडीन. ताशी पाच मैलांची धडक सोसणारे बंपर सक्तीचे झाल्यावर १९७३ पासून मार्क फोरच्या पुढे जाड लोखंडी ओंडका आला आणि १९७४ पर्यंत लांबी ५.५९ मीटरवरून ५.७९ मीटरवर गेली. १९७२ ची एकच वर्षाची गाडी तिच्या मूळ रेषांसह पाहायला मिळते. ज्याला मार्क फाइव्ह (१९७७ ते १९७९) अधिक आवडते, त्याने इंजिनाची खात्री करून घ्यावी, कारण तीत ४०० घनइंचांचे इंजिन मूळचे होते, ४६० पहिली दोन वर्षे जादा पैसे भरून मिळे आणि १९७९ मध्ये ते मिळेनासेच झाले. मार्क फाइव्ह तीन वर्षांत सुमारे २ लाख २८ हजार विकल्या गेल्या, त्यामुळे चांगली गाडी मिळेपर्यंत थांबण्याची मुभा तिच्या ग्राहकाला असते.

एल्डोराडोचे वेगळेपण तिच्या बांधणीत आहे. एवढे प्रचंड इंजिन आणि ओढ पुढच्या चाकांना, ही रचना त्या काळी धाडसाची होती. इंजिन नेहमीप्रमाणे लांबीच्या दिशेने बसवलेले आहे, मात्र टॉर्क कन्व्हर्टरनंतर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या तेलाच्या जोडणीनंतर) एक रुंद साखळी शक्तीला वळवून इंजिनाच्या कुशीत ठेवलेल्या गिअरबॉक्सकडे नेते आणि तेथून ती पुढच्या चाकांना पोहोचते. साखळीचे नाव ऐकून घाबरू नये. टर्बो-हायड्रामॅटिक ४२५ हा गिअरबॉक्स दणकट म्हणून ओळखला जातो. या रचनेमुळे केबिनच्या मधोमध उंचवटा येत नाही आणि पावसाळी किंवा बर्फाळ रस्त्यावर पकड चांगली राहते. उलट बाजूने पाहता, पुढचे टायर लवकर झिजतात, ड्राइव्ह शाफ्टची रबरी आवरणे तपासत राहावी लागतात आणि वळणावर गाडीचे वजन नाकाशी गोळा झालेले कळते. १९७७ पासून इंजिन ४२५ घनइंचांचे झाले, त्यामुळे ८.२ लिटरचे इंजिन हवे असणाऱ्याने १९७६ पर्यंतच थांबावे.

तिघींपैकी छत उघडणारी गाडी फक्त एल्डोराडोतच मिळते, आणि येथे ग्राहकाने विशेष सावध असावे. १९७६ ची गाडी ही शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल म्हणून गाजली, १४,००० गाड्या बनल्या आणि किंमत वाढेल या आशेने अनेकांनी त्या न चालवता झाकून ठेवल्या. पुढे १९८४ मध्ये कॅडिलॅकने एल्डोराडो कन्व्हर्टिबल पुन्हा बाजारात आणली आणि त्यातल्या काही जणांनी चिडून न्यायालयाची पायरी चढली. आज त्याचा परिणाम असा, की फार थोडे मैल चाललेल्या १९७६ च्या गाड्या अजूनही विक्रीला येतात, पण वर्षानुवर्षे उभ्या राहिल्यामुळे त्यांची रबरे वाळलेली, पेट्रोलची टाकी आतून गंजलेली आणि ब्रेकच्या नळ्या निकामी झालेल्या असू शकतात. शिवाय दुर्मीळतेचा दावाही पोकळ आहे: १९७१ ते १९७५ या पाच वर्षांत एकाही वर्षी दहा हजार कन्व्हर्टिबल बनल्या नव्हत्या, म्हणजे ‘शेवटची’ म्हणून मिरवणारी गाडीच सर्वांत जास्त संख्येने बनलेली आहे. छताची आतल्या बाजूला घडी घालणारी यंत्रणाही नाजूक आहे, म्हणून गाडी पाहताना छत दोनदा पूर्ण उघडून-मिटवून घेतल्याशिवाय भाव बोलू नये.

रिव्हिएराविषयी लिहिताना तटस्थ राहणे मला कठीण जाते. जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांच्या देखरेखीखाली आकारलेली ही गाडी म्हणजे एका मोठ्या कंपनीने घेतलेली विलक्षण जोखीम होती. छताची रेषा मागे उतरत मधल्या कण्यावर येऊन टेकते, मागची काच दोन्ही बाजूंना वळत त्या कण्याला मिळते, आणि मागच्या चाकांवरचा फुगीर पत्रा असा काही वर उचलला जातो की उभी गाडीही चालती वाटते. ही रेखा १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रेची आठवण करून देते. त्या काळच्या ग्राहकांपैकी पुष्कळांना ती पचली नाही. वर्षाला सुमारे ३४ हजार गाड्या विकल्या गेल्या आणि १९७४ मध्ये ब्यूकने तो मागचा भाग सोडून दिला. आज तीच गाडी रस्त्यावर लोकांना थबकून पाहायला लावते.

दिसण्यापलीकडेही रिव्हिएराची बाजू भक्कम आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. ४५५ घनइंचांचे तिचे साडेसात लिटरचे इंजिन १९७२ मध्ये २५० अश्वशक्ती देत होते, म्हणजे त्याच वर्षाच्या एल्डोराडो आणि मार्क फोरपेक्षा जास्त. आणि वजन मात्र जेमतेम दोन टन, म्हणजे दोघींपेक्षा कमी. मागच्या चाकांना ओढ आणि त्यातल्या त्यात घट्ट सस्पेन्शन यांमुळे घाटरस्त्यावर आत्मविश्वासाने चालवता येईल अशी या तिघींत तीच आहे. ग्रॅन स्पोर्ट हे अधिक जोरकस चालवण्यासाठीचे पॅकेज असलेली गाडी मिळाली तर आणखी उत्तम. तिचे दोष दोन: चालवताना मागचा रस्ता नीट दिसत नाही, आणि आसनांचा थाट लिंकनच्या जवळपासही नाही. आत बसल्यावर ती एक चांगली ब्यूक वाटते, महाल वाटत नाही.

पेट्रोलच्या खर्चात तिघींमध्ये निवड करण्याइतका फरक नाही. गॅलनला दहा मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला चार-सव्वाचार किलोमीटर धरून चालावे. शहरात त्याहूनही कमी. ऑक्टोबर १९७३ च्या तेलटंचाईने या गाड्यांचे दिवस का भरले, ते या आकड्यावरून कळते. दिलासा एवढाच, की कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे साधे ८७ ऑक्टेनचे पेट्रोल त्यांना पुरते, आणि महिन्यातून दोन-तीनदा बाहेर काढायच्या गाडीचे वर्षाचे पेट्रोल विम्याच्या आणि दुरुस्तीच्या तुलनेत फार मोठे ठरत नाही. गॅरेज मात्र आधी मोजून घ्यावे, आणि लांबीबरोबर बाजूची जागाही, कारण या कूपेंची दारे इतकी लांब व जड आहेत की शेजारी दुसरी गाडी असेल तर ती पुरेशी उघडतच नाहीत.

खरा निर्णय मात्र नावावर होऊ नये, समोर उभ्या असलेल्या गाडीच्या अवस्थेवर व्हावा. तिन्ही इंजिने आणि गिअरबॉक्स लाखो गाड्यांत वापरलेल्या कुटुंबांतले आहेत, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि जुना कोणताही चांगला मेकॅनिक त्यांना हात घालतो. पैसा खातात ते पत्रा, काच, क्रोम आणि आतली सजावट. व्हिनाइलच्या छताखाली पाणी साचून पत्रा गंजतो, म्हणून मागच्या काचेच्या खालच्या कडेने बोटे दाबत जावे. फुगवटे किंवा कुरकुर लागली तर तेथेच थांबावे. मार्क फोरमध्ये हेडलाइटची झाकणे आणि वातानुकूलनाचे झडप-दरवाजे व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या हवा शोषण्याच्या ओढीवर चालतात, आणि पन्नास वर्षांच्या नळ्यांतली गळती शोधणे हे चिकाटीचे काम आहे. नंतरच्या वर्षांच्या एल्डोराडोत बंपर आणि बॉडी यांच्यामधले लवचीक प्लास्टिकचे तुकडे हमखास तुटतात, पण बदली तुकडे मिळतात. रिव्हिएराची मागची वक्र काच हा मात्र काळजीचा विषय आहे. तिला तडा असेल तर किमतीत मोठी घट मागावी. १९७१ च्या रिव्हिएरात डिकीच्या झाकणावर हवेसाठी झडपा होत्या, त्यांतून पाणी आत जाऊन डिकीचा तळ गंजलेला असू शकतो. १९७२ मध्ये त्या काढून टाकल्या गेल्या. ब्यूकच्या ४५५ इंजिनात तेलाचा पंप पुढच्या ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये असतो आणि झिजल्यावर तेलाचा दाब घटतो, म्हणून इंजिन पूर्ण तापल्यावर दाब मोजून घ्यावा, थंड इंजिनावरच्या आकड्यावर विसंबू नये.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यासाठी वर्षाला आणखी एक महत्त्व आहे. तेथे १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या नियमित चाचणीतून सूट आहे, १९७६ पासूनच्या गाड्यांना नाही. त्यामुळे १९७६ ची डिझायनर मार्क फोर किंवा ‘शेवटची’ एल्डोराडो तेथे घ्यायची असेल, तर प्रदूषण नियंत्रणाचे मूळ भाग जागेवर आहेत ना, हे आधी पाहावे. अनेक गाड्यांतून ते पूर्वीच काढून फेकलेले असतात.

ज्याला जोडीदारासह शांतपणे दूरवर जायचे आहे आणि वळणांची ओढ नाही, त्याने १९७२ ची मार्क फोर शोधावी. ज्याला उघड्या छताशिवाय जुनी गाडी ही कल्पनाच रुचत नाही, त्याने १९७६ च्या गाजावाजाकडे दुर्लक्ष करून १९७१ ते १९७५ मधली, नेमाने चालवलेली एल्डोराडो घ्यावी. माझे स्वतःचे मत १९७२ च्या रिव्हिएराच्या बाजूने आहे: झडपांची कटकट गेलेली, जड बंपर अजून न आलेले, आणि तिघींत सर्वांत हलकी व जोरकस. मागची काच शाबूत आणि गरम इंजिनावर तेलाचा दाब ठीक असेल, तर आसनांचे फाटलेले कापड किंवा फिका पडलेला रंग यांसाठी ती गाडी हातची जाऊ देऊ नये.