गंजलेली साखळी आणि माझे १,५४,५५० रुपये

जुन्या गाडीचे मोठे काम काढण्याआधी मी तीन महिने तयारी केली होती आणि त्या तयारीनेच मला बुडवले, हे लिहिताना आजही लाज वाटते. आतापर्यंत हा प्रकार, सरकारी कचेऱ्या सोडल्या तर, घराबाहेर मोजक्या चार माणसांनाच ठाऊक होता. परंतु गेल्या आठवड्यात आमच्याच इमारतीतील एक गृहस्थ आपली दीड लाख किलोमीटर झालेली गाडी, ज्या गॅरेजने मला फसवले, त्याच गॅरेजमध्ये टाकायला निघाले, तेव्हा गप्प राहणे हा गुन्हा ठरेल असे वाटले.

माझी गाडी २०१३ च्या मार्चमध्ये घेतलेली डिझेल डिझायर आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिचे १,९२,४६० किलोमीटर झाले होते. बॉडी ठणठणीत आणि ॲव्हरेज अजूनही वीसच्या खाली न उतरलेले. मारुतीने डिझेल गाड्या २०२० मध्येच बंद केल्या, त्यामुळे तशीच नवी मिळण्याचा प्रश्न नव्हता. दलाल दोन लाखांच्या वर जायला तयार नव्हते आणि नवी गाडी नऊ-दहा लाखांच्या खाली येत नव्हती. मार्च २०२८ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतील, तेव्हा तपासणी करून, पाच हजार रुपये शुल्क भरून नोंदणीचे नूतनीकरण करायचे आणि पुढे आणखी चार-पाच वर्षे गाडी वापरायची, असा माझा हिशोब होता. त्यासाठी आता एकदा सत्तर-ऐंशी हजार घालणे मला अजूनही चुकीचे वाटत नाही. मी हावरटपणे स्वस्तात काम शोधत होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशोब पुन्हा वाचावा.

एका डायरीत मी कामांची यादी केली होती. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारी इंजिनातली साखळी, तिचा टेन्शनर आणि गाइड. क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि बेअरिंग. वॉटर पंप, कूलंटचे पाइप, इंजिनाचे माउंटिंग. पुढचे दोन्ही शॉकअप, लोअर आर्म, लिंक रॉड. या इंजिनाला बेल्ट नसून चेन असते, ती इंजिन ऑइलमध्येच फिरते, ऑइल वेळेवर बदलले नाही तर सैल पडते आणि सकाळी गाडी चालू करताना खडखड वाजू लागते, एवढे सगळे मी वाचून ठेवले होते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने या कामांचा अंदाज १,१२,३०० रुपये दिला. मग कार्यालयातील एका सहकाऱ्याने हे गॅरेज सुचवले. तो स्वतः तिथे फक्त मोटारसायकलचे ऑइल बदलून घेत असे, हे मला फार उशिरा कळले. गॅरेज सुचवणाऱ्याने तिथे नेमके कोणते काम, किती रुपयांचे करून घेतले, हे आधी विचारा.

गॅरेजचा मालक चाळिशीतला आणि अत्यंत मृदुभाषी होता. मी त्याला चेन आणि बेल्ट यांतला फरक समजावून सांगू लागलो, तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखे अभ्यास करून येणारे गिऱ्हाईक वर्षातून एखादेच. तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार?" मी फुगलो. त्याने डायरीचे पान मागितले, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि संध्याकाळी ७८,५०० रुपयांचा अंदाज पाठवला. त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात "कमाल ८५,०००" असे लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. चोराला घराचा नकाशा द्यावा आणि तिजोरीवर खूणही करून द्यावी, तसा हा प्रकार झाला. आपली यादी आणि आपली मर्यादा कोणालाही दाखवू नका. तक्रार सांगा, काम काय ते त्याला सांगू द्या आणि ते आपल्या यादीशी घरी येऊन ताडून पाहा.

४ ऑगस्टला गाडी दिली. २७ तारखेला गणपती होते आणि कराडला थोरल्या बंधूंकडे जायचे होते, त्यामुळे मी घाईत होतो, हेही त्याला मीच सांगितले होते. ४०,००० रुपये आगाऊ पाठवताना यूपीआयवर गॅरेजचे नाव न येता एका बाईंचे नाव आले. "घरचेच खाते आहे," असे तो म्हणाला. चार दिवसांनी फोन आला की हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, गॅस्केट गेले आहे, हेड उतरवून फेसिंग करावे, म्हणजे घासून सपाट करावे लागेल, १८,६०० रुपये वाढतील. मी गेलो तेव्हा एका टेबलावर खोललेला हेड ठेवलेला होता आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर ताडपत्री होती. ती बाजूला करायला मी सांगितले नाही. तो हेड माझ्याच गाडीचा होता कशावरून, हा प्रश्न तेव्हा मनात आलाच नाही, कारण इंजिन खोललेली गाडी दुसरीकडे कशी न्यायची, या एकाच चिंतेने मी गारठलो होतो. मी आणखी ३०,००० दिले. पुढच्या आठवड्यात टर्बो रिकंडिशन करण्याचे २२,००० निघाले. एकूण १,१९,१०० झाले, त्यातून त्याने उदारपणे १,१०० सोडले आणि २३ ऑगस्टच्या संध्याकाळी उरलेले ४८,००० घेऊन किल्ली दिली. कंपनीच्या अंदाजापेक्षा मी ५,७०० रुपये जास्त दिले होते. पण त्या अंदाजात हेड आणि टर्बो कुठे होते, अशी समजूत मी स्वतःची घातली आणि पत्नीचीही.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, तो सांगतो. जुने पार्ट परत मागावेत हे मला ठाऊक होते आणि मी ते मागितले. त्याने लगेच पोते आणून माझ्यापुढे रिकामे केले. त्यात शॉकअप, क्लचप्लेट, वॉटर पंप आणि एक टायमिंग चेन होती. मी चेन हातात घेतली. ती कोरडी होती. तिला तांबूस गंज चढलेला होता आणि तो माझ्या बोटांना लागला. मी खिशातून रुमाल काढला, बोटे पुसली आणि पोते डिकीत ठेवले. बारा वर्षे जी साखळी ऑइलमध्ये फिरली, ती काळीकुट्ट आणि तेलकट असायला हवी; तिला गंज चढायला जागाच कुठे आहे? ही चेन ऑइलमध्ये चालते, हे मीच त्याला तीन आठवड्यांपूर्वी शिकवले होते. ज्ञान डोक्यात होते, गंज बोटांवर होता आणि दोघांची गाठ पडली नाही. त्या रुमालाचा डाग दोन धुण्यांनंतरही गेला नाही. पत्नीने विचारले तेव्हा मी पान खाल्ल्याचे सांगितले, जे मी आयुष्यात खात नाही.

त्याच वेळी बिलावर "काम समाधानकारक, जुने पार्ट मिळाले" या छापील ओळीखाली सहीही करून दिली. किमान दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवल्याशिवाय अशी सही करू नका. बिलावर जीएसटी क्रमांक होता, पण कराचा रकाना नव्हता. पुढे तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. हे तपासायला दोन मिनिटे लागतात आणि ती दोन मिनिटे पैसे देण्याआधीची असावीत.

१८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, कराडला जाताना खंबाटकी घाट चढत असताना इंजिनातून खडखडाट सुरू झाला. मीटरवर १,९३,८०० होते. म्हणजे "नवी" चेन १,३४० किलोमीटर चालली होती. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली, हे एवढेच शहाणपण. ४,८०० रुपये देऊन ती टोचन लावून साताऱ्याला नेली. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी मला शेजारी उभे करून एकेक गोष्ट दाखवली. चेनच्या कव्हरच्या नटांवर वर्षानुवर्षांचा चिकट मळ बसलेला होता आणि त्यांना पाना लागल्याची एकही खूण नव्हती. हेडच्या नटांचे तेच. टर्बोवर चंदेरी रंगाचा फवारा मारलेला होता. क्लचप्लेट तेवढी नवी होती. प्रेशरप्लेट जुनी, तापून निळी पडलेली, आणि बेअरिंगही जुनेच. शॉकअप, लिंक रॉड, वॉटर पंप आणि एक माउंटिंग खरोखर बदललेले होते. त्यांच्या मते सगळे मिळून काम पंचवीस हजारांच्या आतले होते. चेन चाकाच्या दातांवरून आणखी थोडी सुटली असती तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते आणि इंजिन भंगारात गेले असते. दिवाळीनंतर मी ते पोते मांडीवर घेऊन एसटीने साताऱ्याला गेलो. मिस्त्रींनी माझ्या इंजिनातून निघालेली खरी चेन आणि पोत्यातली गंजकी चेन शेजारी शेजारी ठेवली. गंजकी चार बोटे आखूड होती. "पाव्हणं, ही तुमच्या गाडीची न्हवंच. आन् तेलातनं निघालेली साखळी गंजंल कशी?" एवढेच ते म्हणाले. त्यांचे बिल ३१,७५० झाले. १,१८,००० अधिक ४,८०० अधिक ३१,७५०, म्हणजे १,५४,५५०. गाडीची बाजारातली किंमत दोन लाख आहे, हे वर सांगितलेच आहे.

यानंतर सुरू झाली ती दुसरी फसवणूक, आणि तिला मी सरकारी म्हणतो. पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, "सही तुमचीच ना?" दुसरा, "मग तक्रार कसली?" हा दिवाणी मामला आहे, असे तिघांनी तीन वेळा सांगितले. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे आणि न केलेल्या कामाचे पैसे खोटा पार्ट दाखवून घेणे ही फसवणूक नाही तर काय, असे मी विचारले, तेव्हा "एवढा कायदा येतो तर कोर्टात जा," असे उत्तर मिळाले. अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, शिक्का नव्हता. परिवहन खात्याच्या कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितले की गाडी आमच्या अखत्यारीत येते, गॅरेज नाही. दुकाने व आस्थापना कार्यालयात कळले की २०१७ च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, नुसती सूचना दिली की झाले. एका सरकारी हेल्पलाइनने तक्रार नोंदवून ती गॅरेजला कळवली आणि त्याने उत्तर दिले नाही म्हणून ती बंद केली. चोराने दार उघडले नाही म्हणून तपास संपला. रद्द झालेल्या जीएसटी क्रमांकावर बिले फाडली जातात, म्हणजे बुडतो तो सरकारचाच कर, हे तरी कोणाला टोचेल या आशेने त्या खात्याला दोन ईमेल केल्या. दोन्हींचे उत्तर आलेले नाही. मी नियमाने कर भरणारा माणूस आहे; माझा रिटर्न एक दिवस उशिरा गेला तर दंड लागतो.

ग्राहक आयोगात तक्रार स्वतः दाखल करता येते, वकील लागतोच असे नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. यासाठी मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दोनदा वाचला. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात लिहिले आहे. माझ्या बाबतीत आयोगाची गॅरेजला पाठवलेली नोटीस दोनदा "पत्त्यावर कोणी नाही" म्हणून परत आली. त्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन पाहिले; दोन गाड्या जॅकवर होत्या आणि मालक चहा पीत होता. त्याने मला नमस्कारही केला.

माझ्या प्रकरणातली कच्ची बाजू मी लपवत नाही, कारण ती तुम्हाला उपयोगी पडेल. साताऱ्यात इंजिन खोलण्याआधी मी त्या गॅरेजला लेखी कळवले नाही, तटस्थ सर्व्हेअर बोलावला नाही आणि नटांवरच्या मळाचे फोटो काढले ते नंबरप्लेट किंवा इंजिन क्रमांक न दिसता. तो मळ कोणत्याही गाडीचा असू शकतो, असे उद्या त्याचा वकील म्हणेल. दिवाळीच्या तोंडावर, घाटात अडकलेल्या माणसाला हे सुचायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे क्रेनची वाट पाहून बघावे. तरीही, काम सुरू असताना फोटो मागा आणि त्यात खोललेला भाग व नंबरप्लेट एकाच चौकटीत असू द्या. ज्याला ते जमत नाही, त्याच्याकडून गाडी काढून घ्या.

मी १,५४,५५० रुपये, त्यावर व्याज आणि खर्चापोटी १०,००० मागितले आहेत. तिसरी नोटीस निघाली आहे. पोते बाल्कनीत, झाकण असलेल्या डब्यात ठेवले आहे आणि पुराव्यांच्या यादीत ती आखूड, गंजकी चेन सातव्या क्रमांकावर आहे. या वेळी यादीची प्रत मी कोणालाही दाखवलेली नाही.